कापलेली बोटं कोण मोजतं?

दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो. कारखान्यांच्या फाटकावर झेंडे लागतात, कामगारांना शपथ दिली जाते, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात आणि भाषणांत एक वाक्य हमखास येतं: आपल्या कारखान्यांतले अपघात कमी होत चालले आहेत. त्याच्या मागोमाग दुसरं वाक्य येतं: तेव्हा आता उद्योगांवर विश्वास ठेवा, तपासण्यांचा आणि नोंदींचा जाच कमी करा. उद्योजकांच्या संघटना हे म्हणतात, सरकारी अधिकारी म्हणतात, नव्या श्रमसंहितांचे समर्थक लेखांतून म्हणतात. समजूतदार, शिकलेली माणसंही हे खरं मानतात, कारण सोबत सरकारी तक्ता जोडलेला असतो. त्या तक्त्यात अपघातांची संख्या आहे असं समजणं हीच मूळ चूक. त्यात आहे ती मालकांनी कळवलेल्या अपघातांची संख्या. या दोहोंमध्ये केवढं अंतर आहे, हे तोच तक्ता नीट वाचला तर उघड होतं.

राज्यांच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयांकडून येणारे आकडे एकत्र करण्याचं काम केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या एका महासंचालनालयाकडे आहे. त्याचं मुख्यालय आपल्या मुंबईत, शीवला. त्याच्या आकड्यांनुसार २०१७ ते २०२० या काळात देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत दरवर्षी सरासरी ११०९ कामगार मेले आणि चार हजारांहून अधिक जखमी झाले. रोज तीन मृत्यू, रोज अकरा जखमी. बातमी झाली ती रोजच्या तीन मृत्यूंची, आणि ती व्हायलाच हवी होती. मला मात्र त्याहून अस्वस्थ करतो तो दुसरा आकडा. एका मृत्यूमागे फक्त चार जखमी! ज्याने प्रेस शॉप, फाउंड्री किंवा रोलिंग मिल आतून पाहिली आहे अशा कुणालाही हे प्रमाण दाखवा. त्याच्या माहितीतल्या एकट्या गल्लीतले जखमी याहून जास्त भरतील.

ब्रिटनशी तुलना करून पाहू. तिथे २०२३-२४ मध्ये कामावर १३८ कामगार मेले आणि मालकांनी कळवलेल्या जखमींची संख्या होती ६१,६६३. एका मृत्यूमागे साधारण साडेचारशे. ब्रिटनच्या आकड्यात कारखान्यांखेरीज दुकानं, रुग्णालयं, कार्यालयंही येतात हे मान्य. पण तिथली अट आपल्यापेक्षा सैल आहे हेही ध्यानात घ्या. काही ठरावीक गंभीर इजा सोडल्या, तर कामगार सात दिवसांहून अधिक काळ कामावर येऊ शकला नाही तरच तिथल्या मालकाला कळवावं लागतं. आपल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ८८ प्रमाणे ४८ तास पुरेसे होते. म्हणजे आपल्या चाळणीची भोकं बारीक, आणि तरीही आपल्या हाती शंभर पटींनी कमी दाणे. याचे दोनच अर्थ निघतात. एक तर भारतीय कामगार जखमी न होता थेट मरतो, किंवा जखमी झालेला माणूस कागदावर येतच नाही. पहिला अर्थ गंभीरपणे मांडणारा मला आजवर भेटलेला नाही.

मृतदेह लपवणं अवघड असतं. पोलीस येतात, पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, गावाकडून नातेवाईक येतात, कधी फाटकावर गर्दी जमते. कापलेलं बोट लपवायला यातलं काहीच आड येत नाही. ते लपवलं कसं जातं, याचा क्रम भोसरी-चाकणपासून वाळूज, अंबड, तळोज्यापर्यंत कामगारांना तोंडपाठ आहे. उत्पादनाचा वेग वाढावा म्हणून पॉवर प्रेसचा सेन्सर बंद केलेला असतो किंवा पुढचा गार्ड काढून ठेवलेला असतो. दोन्ही हातांनी दाबायची दोन बटणं असतील तर त्यातलं एक कायमचं दाबून बांधलेलं असतं. बारा तासांच्या शिफ्टच्या शेवटी हात डायमध्ये राहतो. सुपरवायझर चिंधी गुंडाळून माणसाला मोटरसायकलवर बसवतो आणि ओळखीच्या खाजगी दवाखान्यात नेतो. तिथल्या केसपेपरवर ‘घरी दार लागून इजा’ असं काहीतरी लिहिलं जातं. ठेकेदार काही हजार रुपये हातात ठेवतो आणि एका कागदावर सही घेतो. तिसऱ्या दिवशी निरोप येतो: येऊन स्टोअरमध्ये नुसता बस, हजेरी लागेल. हजेरी लागली की ४८ तासांची अट मोडते आणि कायद्याच्या लेखी कळवण्यासारखं काही घडलेलंच नसतं. हात इतका गेला असेल की बसणंही शक्य नाही, तर माणसाला गावी पाठवतात. बिहारला गेला काय आणि परभणीला गेला काय, मस्टरवरून तो गेलेला असतो.

कर्मचारी राज्य विमा, म्हणजे आपल्या तोंडातली ईएसआय, या सगळ्यावर उतारा ठरायला हवी होती. कामावर घेताच कामगाराची नोंदणी करायची, अपघात झाला की २४ तासांत महामंडळाला कळवायचं, असे नियम आहेत. वाहन उद्योगाच्या पुरवठासाखळीतल्या जखमी कामगारांसोबत काम करणारी ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाने अहवाल काढते. गुडगाव-मानेसर-फरीदाबाद पट्ट्यात सुरू झालेलं तिचं काम पुढे पुण्यापर्यंत आलं. या अहवालांत वर्षानुवर्षं एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर आली आहे: हरियाणात भेटलेल्या जखमींपैकी बहुतेकांना ईएसआयचं कार्ड मिळालं ते अपघात झाल्यानंतर. मालक कामगाराला विम्यात घेतो ते बोट तुटल्यावर, उपचाराचा खर्च महामंडळावर ढकलण्यासाठी. तोवर तो माणूस त्या कारखान्यात नव्हताच. याच अहवालांतली दुसरी गोष्ट कुठल्याही सरकारला झोप येऊ देणार नाही अशी आहे. हरियाणात या एकट्या संस्थेने एका वर्षात मदत केलेल्या जखमींची संख्या राज्याने केंद्राला कळवलेल्या जखमींपेक्षा कितीतरी जास्त भरते. एक छोटी स्वयंसेवी संस्था मूठभर माणसांच्या बळावर जे मोजू शकते, ते सगळी यंत्रणा हाताशी असलेल्या राज्याला मोजता येत नाही.

आणि कायद्याला बोटांचं मोल ठाऊक नाही असंही नाही. भरपाईच्या अनुसूचीत ते टक्क्यांत लिहून ठेवलं आहे. पूर्ण अंगठा गेला तर कमावण्याची क्षमता ३० टक्के घटली असं धरायचं, तर्जनी गेली तर १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७ टक्के. १९२३ च्या भरपाई कायद्यापासून ही पद्धत चालत आली आहे. महाराष्ट्रात गेल्या वर्षी किती तर्जन्या गेल्या, हे मात्र कुठल्याही कार्यालयात खात्रीने सांगता येणार नाही.

आता विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा घेतो. ते म्हणतात, जगभर अपघात मालकच कळवतो. अमेरिकेत तसंच, युरोपात तसंच. मग भारतातल्याच मालकावर संशय का? यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा तितकाच चुकीचा, कारण त्या देशांनी मालकाच्या शब्दावर मोजणी थांबवलेली नाही. ब्रिटनमध्ये घरोघरच्या श्रमशक्ती पाहणीत लोकांनाच विचारतात: गेल्या वर्षभरात कामावर इजा झाली का? वर सांगितलेल्या २०२३-२४ या वर्षी या पाहणीतून सहा लाख चार हजार जखमींचा अंदाज निघाला. मालकांनी कळवलेल्या ६१,६६३ शी तो ताडून पाहा. यातल्या बऱ्याच इजा किरकोळ, कळवण्याच्या अटीत न बसणाऱ्या होत्या. त्या वजा केल्या तरी कळवायलाच हव्या होत्या अशा इजांपैकी जेमतेम निम्म्या मालकांनी कळवल्या, असं ब्रिटनचं सुरक्षा खातं स्वतः जाहीरपणे मान्य करतं. जर्मनीत कामावरच्या अपघातासाठी खास नेमलेले डॉक्टर असतात आणि ते जखमीला तपासून परस्पर विमा मंडळाला अहवाल धाडतात. मालक गप्प बसला तरी कागद पुढे सरकतो.

अमेरिकेचं उदाहरण तर आपल्याकडच्या धोरणकर्त्यांनी मुळातून वाचावं. तिथे १९७० च्या दशकापासून मालकाला जखमांची वही ठेवावी लागते आणि त्या वह्यांवरून देशाचे आकडे काढले जात. पुढे असं दिसलं की मालकांना विचारून मिळालेले मृत्यूंचे आकडेसुद्धा इतर मार्गांनी दिसणाऱ्या मृत्यूंपेक्षा फार कमी आहेत. १९८७ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने ही पद्धत बदलण्याची शिफारस केली. १९९२ पासून प्राणघातक अपघातांची स्वतंत्र गणना सुरू झाली. मृत्यूचे दाखले, भरपाईचे दावे, पोलिसांचे अहवाल, वर्तमानपत्रांतल्या बातम्या असं सगळं एकमेकांशी ताडायचं आणि दोन स्वतंत्र पुरावे जुळले की नोंद पक्की करायची. पहिल्याच वर्षी ६२१७ मृत्यू मोजले गेले. या बदलाच्या थोडं आधीची एक घटना आपल्याला जास्त जवळची आहे. १९८६ मध्ये अमेरिकी सुरक्षा खात्याने वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट इथल्या एका रासायनिक कारखान्याला सुमारे १४ लाख डॉलरचा दंड प्रस्तावित केला. आरोपांमध्ये कामगारांच्या इजा वहीत जाणूनबुजून न नोंदवल्याचा आरोप मोठा होता. कंपनी होती युनियन कार्बाइड. भोपाळला तेव्हा जेमतेम दीड वर्ष होत होतं.

‘मृत्यू तरी लपत नाही, तेवढं तरी मान्य करा,’ असं कुणी म्हणेल. कारखान्याच्या फाटकाआत, नोंदणी झालेल्या जागेत, बहुधा लपत नाही. फाटक ओलांडलं की मृत्यूही हिशेबातून निसटतो. ८ डिसेंबर २०२३ ला पिंपरी-चिंचवडमधल्या तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाज्या-मेणबत्त्या बनवणाऱ्या एका जागेत आग लागली. मेलेल्यांत बहुतेक बाया होत्या. ती जागा विनापरवाना चालत होती. आग लागली म्हणून ती जागा होती हे शहराला कळलं. तोपर्यंत तिथे रोज काम करणाऱ्या त्या बाया कुठल्याही खात्याच्या लेखी कामगार नव्हत्या. बांधकामाच्या परांचीवरून पडलेला मजूर, विहिरीच्या खोदकामात गाडला गेलेला माणूस, उसाच्या ट्रॉलीखाली आलेला तोडणी कामगार यांच्या नोंदी पोलीस ठाण्यात ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून होतात आणि तिथेच राहतात. तो मृत्यू कामामुळे झाला, हे सांगणारा रकाना पुढे कुठे भरलाच जात नाही.

गटारात उतरणाऱ्यांची गोष्ट याहून वाईट आहे. २८ जुलै २०२१ रोजी राज्यमंत्री रामदास आठवले यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिलं की हाताने मैला साफ करण्यामुळे एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. त्याच सरकारने त्याच सुमारास गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करताना मेलेल्यांचे आकडे संसदेपुढे ठेवले होते. व्याख्या दोन केल्या आणि एका व्याख्येखालची रांग रिकामी झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा प्रत्येक मृत्यूमागे १० लाख आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख रुपये भरपाई ठरवली. भरपाई मागायला आधी मृत्यू नोंदलेला असावा लागतो. मेलेल्याला कामावर नेणारा ठेकेदारच तो कळवेल, अशी अपेक्षा धरून बसलेल्या व्यवस्थेत ते ३० लाख किती बायकांच्या हाती पडतील?

अपघातांविषयी इतकं झाल्यावर आजारांकडे वळलं की जमीनच पायाखालून सरकते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२३ च्या अंदाजानुसार जगात दरवर्षी कामामुळे २९ लाख ३० हजार माणसं मरतात. त्यातले अपघाताने मरणारे ३ लाख ३० हजार. उरलेले २६ लाख कामामुळे जडलेल्या आजारांनी. म्हणजे अपघाताने एक, तर आजाराने जवळपास आठ. आपल्या देशात हे प्रमाण उलटंपालटं दिसतं, कारण व्यावसायिक आजारांच्या नोंदी इतक्या थोड्या होतात की त्यांना आकडेवारी म्हणायला जीभ रेटत नाही. कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत २९ आजार होते: शिशाची विषबाधा, पाऱ्याची विषबाधा, सिलिकोसिस, बिसिनोसिस, ॲस्बेस्टॉसिस, आवाजामुळे येणारं बहिरेपण आणि बाकीचे. त्याच्या कलम ८९ प्रमाणे हे कळवायची जबाबदारी मालकावर होती आणि तपासणाऱ्या डॉक्टरवरही. डॉक्टरने कळवलं नाही तर त्या कायद्यात दंड किती होता? जास्तीत जास्त एक हजार रुपये. आणि कळवलं तर? कारखान्याने नेमलेल्या डॉक्टरची नोकरी कारखान्याच्याच हाती असते.

मुंबईने हे आपल्या डोळ्यांनी पाहिलं आहे. गिरणगावात कार्डिंग आणि ब्लो रूममध्ये आयुष्य काढलेली माणसं सोमवारी पाळीवर गेली की छाती भरून यायची. रविवारच्या सुटीनंतर कापसाची धूळ पहिल्यांदा फुप्फुसात गेली की होणारा हा त्रास म्हणजे बिसिनोसिसची ठळक खूण. केईएम रुग्णालयातल्या डॉ. एस. आर. कामत यांच्यासारख्या डॉक्टरांनी गिरणी कामगारांची फुप्फुसं तपासून हा आजार दाखवून दिला होता. तरीही दवाखान्यांच्या कागदांवर लिहिलं गेलं दमा, ब्राँकायटिस, टीबी. एक्स-रेत हा आजार दिसत नाही; पाळीच्या आधी आणि पाळीनंतर फुप्फुसांची क्षमता मोजावी लागते, आणि ती मोजायची तसदी क्वचितच कुणी घेतली. १९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडल्या, जमिनींवर टॉवर उभे राहिले. किती कामगार ती धूळ छातीत घेऊन कोकणात, घाटावर परत गेले याची मोजदाद मालकांनी केली नाही आणि त्यांना कुणी विचारलीही नाही.

मोजणारा बदलला की काय होतं, याची दोन उदाहरणं देतो. मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर, झाबुआ, धार भागातले आदिवासी गुजरातेत गोध्रा परिसरातल्या गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत मजुरीला जात. काही महिन्यांच्या कामातच सिलिकोसिस घेऊन परतत आणि तरुण वयात मरत. कारखान्यांच्या कागदांत यांची नावं नव्हती. गावागावांत फिरून आजाऱ्यांची आणि मेलेल्यांची यादी केली ती पीडितांच्याच संघटनेने आणि त्यांच्या साथीदारांनी. त्या यादीच्या बळावर प्रकरण मानवी हक्क आयोगापुढे आणि सर्वोच्च न्यायालयात उभं राहिलं. ४ मे २०१६ रोजी न्यायालयाने २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. गावकऱ्यांनी ती यादी केली नसती तर ते २३८ जण टीबीने मेले असंच राहिलं असतं.

दुसरं उदाहरण राजस्थानचं. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्या राज्याने सिलिकोसिसविषयी धोरण जाहीर केलं. आजारी कामगाराने स्वतः ऑनलाइन अर्ज करायचा, सरकारी डॉक्टरांनी तपासून प्रमाणपत्र द्यायचं, आजार ठरला की तीन लाख रुपये आणि मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख. मधे मालक नाही. जोधपूर, करौली, धौलपूरच्या दगडखाणींतून आणि पिंडवाड्याच्या नक्षीकामाच्या कारखान्यांतून अर्ज येऊ लागले आणि प्रमाणपत्र मिळालेल्यांची संख्या हजारोंनी वाढत गेली. राजस्थानातल्या दगडाची धूळ २०१९ मध्ये अचानक विषारी झाली नव्हती. त्या योजनेत पुढे तपासणीतल्या गैरप्रकारांच्या तक्रारीही झाल्या. त्यावर उपाय तपासणी चोख करणं हा आहे. नोंदीचं दार पुन्हा खाणमालकाच्या ताब्यात देणं हा होऊ शकत नाही.

याच जागी आक्षेप येतो: कामगारांना थेट कळवू दिलं तर पैशांसाठी खोटे दावे येतील. थोडे येतीलही. पण ईएसआयमध्ये कायमच्या अपंगत्वाचं प्रमाण वैद्यकीय मंडळ ठरवतं, कामगार नव्हे. त्या मंडळापुढे जाऊन कुणी दोन बोटं गेल्याचं नाटक करू शकत नाही. खोटा दावा पकडण्याची यंत्रणा आज अस्तित्वात आहे. दडवलेला अपघात पकडणारी नाही. शिवाय थेट तक्रारीची किंमत आजचा कंत्राटी कामगार जाणून आहे: दुसऱ्या दिवशी काम बंद आणि वसाहतीतल्या इतर ठेकेदारांना निरोप. खोटं बोलून हे ओढवून घेणारे फार नसतात.

‘तुम्ही सगळ्या मालकांना चोर ठरवता’ हा आरोपही ऐकला आहे. माझं दुखणं उलट आहे. प्रत्येक इजा प्रामाणिकपणे कळवणारे मालक आहेत, आणि आजची व्यवस्था त्यांनाच शिक्षा करते. राष्ट्रीय सुरक्षा पुरस्कार देताना अपघातांचं कमी प्रमाण हा निकष असतो. ते प्रमाण निघतं कारखान्याने दिलेल्या माहितीवरून. मोठे खरेदीदार सुट्या भागांच्या पुरवठादाराला विचारतात, तुमच्याकडे वर्षात अपघात किती? ज्याने बारा लिहिले तो मागे पडतो, ज्याने शून्य लिहिलं तो यादीत वर राहतो, मग त्याच्या शेडमध्ये काय घडतं ते घडो. कामगारांनासुद्धा ‘शून्य अपघात’ महिन्याचा बोनस किंवा भेटवस्तू मिळते. त्यामुळे जखमी झालेल्याने गप्प बसावं म्हणून त्याच्या शेजारचा कामगारच गळ घालतो. खरं सांगणाऱ्याचं नुकसान आणि दडवणाऱ्याचा फायदा अशी मांडणी आपण करून ठेवली आहे. ज्याच्यावर अपघाताचा ठपका येऊ शकतो, खटला होऊ शकतो, भरपाई द्यावी लागू शकते, त्याच्याच साक्षीवर आपण देशाची आकडेवारी उभी केली आहे. आणि खटल्याची भीतीही किती? २०१८ ते २०२० या तीन वर्षांत नोंदणीकृत कारखान्यांत ३३३१ मृत्यू झाले. त्याच काळात कारखाना अधिनियमाखाली तुरुंगात गेलेले १४.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत अपघात आणि आजार कळवायची जबाबदारी पूर्वीसारखीच मालकावर आहे. बदललं आहे ते भोवतालचं. कारखाना कशाला म्हणायचं याची किमान मर्यादा विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगारांवरून २० वर आणि विजेविना चालणाऱ्या ठिकाणी २० वरून ४० वर गेली आहे. निरीक्षकाच्या पदनामात ‘फॅसिलिटेटर’ जोडलं आहे, तपासणी कुठे करायची ते संगणक ठरवणार आहे, आणि अनेक गुन्हे तडजोडीने, पैसे भरून मिटवता येणार आहेत. या बदलांचं समर्थन अपघात कमी झाल्याचं सांगूनच केलं गेलं. न मोजलेल्या गोष्टीच्या आधारावर मोजणाऱ्यालाच दुबळं करायचं, असा हा व्यवहार आहे. आपण कामगार निरीक्षणाविषयीच्या ८१ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय कराराला १९४९ मध्येच मान्यता दिली आहे. अपघात आणि व्यावसायिक आजार निरीक्षकांना कळवले जावेत, हे त्यात लिहिलेलं आहे. स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांत दिलेला तो शब्द आहे.

करता येण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींना नवा कायदाही लागत नाही. ईएसआय दरवर्षी कायमच्या अपंगत्वाची आणि अवलंबितांच्या लाभाची प्रकरणं मंजूर करते. ती यादी आणि संचालनालयाकडे आलेल्या अपघातांच्या सूचना दर महिन्याला समोरासमोर ठेवल्या तर कोणत्या कारखान्यात अपंगत्व मंजूर झालं आणि अपघात मात्र कळवलाच नाही, हे एका दुपारी दिसेल. दोन्ही सरकारीच दफ्तरं. एकमेकांशी बोलत नाहीत एवढंच. सरकारी रुग्णालयांत येणाऱ्या पोलीस-नोंदीच्या प्रत्येक जखमी प्रकरणात ‘काम करताना’ हा रकाना सक्तीचा करावा आणि त्याची प्रत संचालनालयाला जावी. २०१७ मध्ये यवतमाळला कीटकनाशक फवारणीने वीसहून अधिक माणसं दगावली आणि शेकडो रुग्णालयात आली, तेव्हा त्या संकटाचा आकार कळला तो रुग्णालयाच्या नोंदींवरून. शेतमालकाने कळवायची तिथे सोयच नाही. राष्ट्रीय श्रमशक्ती पाहणीत ब्रिटनसारखा एक प्रश्न वाढवावा. ठेकेदाराच्या कामगाराची इजा मुख्य कंपनीच्या नावावर मोजावी, म्हणजे साखळीच्या टोकाला बसलेल्या मोठ्या खरेदीदाराला खालच्या शेडमधली बोटं दिसतील. आणि अपघात दडवल्याची शिक्षा अपघाताच्या शिक्षेपेक्षा जड ठेवावी. प्रामाणिक मालकाला अभय आणि दडवणाऱ्याला जरब, दोन्ही त्याने साधतं.

हे सगळं काही परदेशातून उचललेलं नाही. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनला दिला. रविवारची सुटी ही त्यातली मागणी सगळ्यांना आठवते. त्याच अर्जात आणखी एक मागणी होती: काम करताना जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा लुळा झालेल्याच्या पोटापाण्याची व्यवस्था व्हावी. त्या कामगारांनी आपली इजा स्वतः बोलून दाखवली होती, मालकाने ती कळवण्याची वाट पाहिली नव्हती. ती मागणी पुरी करायची तर आधी इजा झाल्याचं मान्य करावं लागतं, आणि ते मान्य करून घेण्याचा हक्क आजही कामगाराच्या हातात नाही.

वाचणाऱ्यांपैकी जे डॉक्टर आहेत त्यांना एक विनंती. तुमच्यापुढे हात चिंधीत गुंडाळून कुणी आला, किंवा खोकल्याने हैराण झालेला चाळिशीचा माणूस तिसऱ्यांदा टीबीच्या गोळ्या मागायला आला, तर त्याला विचारा: काम काय करतोस, कुठे करतोस, किती वर्षं? सोबत आलेल्या सुपरवायझरला बाहेर बसवून विचारा. आणि तो जे सांगेल ते केसपेपरवर त्याच्याच शब्दांत, तारखेसह लिहा. भरपाईच्या दाव्यात नंतर पुरावा म्हणून टिकतो तो बहुधा हाच कागद.